आवक एकतीस, जावक निरंक

गुरुवार, ४ डिसेंबर. पहाटे कडाक्याची थंडी, कालव्यावर धुकं. नऊनंतर स्वच्छ ऊन.

बारामतीच्या दवाखान्यात सकाळी आठला रक्त दिलं. रिपोर्ट यायला तीन तास लागतात. लिव्हरचा आकडा खाली आला असेल तर आज पाचवी केमो मिळणार. नसेल तर डॉक्टर मॅडम औषधच बदलणार आहेत. माझी बायको शोभा आणि इंदापूरची माझी थोरली बहीण आक्का शेजारच्या बाकावर बसल्या आहेत. तोवर मी डायरी लिहितो.

आजारपणातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. भेटायला येणारी माणसंच ते पिशवीत घालून घरी आणून देतात.

मी लोणी देवकरला एका फॅक्टरीत बावीस वर्षं स्टोअर सांभाळतो. गेटमधून आत आलेला खिळासुद्धा आवक रजिस्टरला चढवायचा, बाहेर गेला की जावकला, ही सवय हाडात गेलेली. मे महिन्यात मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, आठ केमो ठरल्या आणि मी रजेवर पणदऱ्याला घरी आलो. कॅन्सर झाला की माणूस आजारी पडतो, एवढं मला माहीत होतं. त्याचं गोदाम होतं, हे माहीत नव्हतं!

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हातानं येत नाही. पूर्वी बिस्किटाचा पुडा यायचा. आता औषध येतं. मी दोनशे पानी वही घेतली, रकाने आखले: तारीख, वस्तू, कुणी आणली, आवक, जावक, शिल्लक. आलेला माल लोखंडी कपाटात. जावकच्या रकान्यात एकच शब्द: निरंक.

कारण मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "काढा, चूर्ण, गोळी, ज्यूस, काहीही नवीन घ्यायचं असेल तर आधी मला विचारायचं. सगळंच वाईट असतं असं नाही. पण केमो चालू असताना काय चालेल ते मी ठरवणार, पाहुणे नाहीत."

*

पहिली आवक आमच्या शेजारच्या पोपटतात्यांची. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीचा भाराच घेऊन आले.

"उकळायचं, गाळायचं, डोळं झाकून प्यायचं. माझ्या साडूला दिला हुता. त्यालाबी तुझ्यावानीच."

"मग? उतार पडला?"

"वारला की."

मी पेन थांबवलं. तात्यांना वाटलं, मी साडूसाठी थांबलो.

"तसं न्हाय रं," ते समजूत घालत म्हणाले, "पर शेवटपत्तूर पोट एकदम साफ!"

नोंद केली: गुळवेल, एक भारा. जावक निरंक.

*

फॅक्टरीतला दत्ता पॅकिंगला आहे आणि रविवारी कसल्याशा जांभळ्या ज्यूसच्या मीटिंगा घेतो. तो टाय लावून आला. बाटलीवर सात फळांची चित्रं होती. पेशी दुरुस्त होतात, म्हणाला.

मला कुठलाही माल लेबल वाचल्याशिवाय आत घेता येत नाही. भिंग आणलं. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की हे औषध नाही आणि यानं कुठलाही आजार बरा होत नाही. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

दत्ता अजिबात गडबडला नाही. "अशोकराव, त्ये कायद्यासाठी लिहावं लागतं."

"मग खरं काय ते कुठं लिहिलंय?"

"खरं लिहीत न्हाईत. खरं मीटिंगमधी सांगत्यात!"

*

दवाखान्यात केमोच्या हॉलमध्ये सहा खुर्च्या आहेत. तिथल्या सिस्टरची एक शिस्त आहे. दर वेळी घरी जे काही पोटात जातं ते सगळं एका पिशवीत घालून आणायचं. सुई लावण्याआधी ती पिशवी टेबलावर उपडी करते आणि एकेक वस्तू उचलून विचारते, "हे कशाला?"

माझ्या शेजारच्या खुर्चीवर कोऱ्हाळ्याच्या लीलाबाई असतात. साठी उलटलेली, गोठ्यात आठ गाई. एकदा त्यांच्या पिशवीतून एक लिटरचा डबा निघाला. त्यावर गाईचं चित्र.

"मावशी, हे जनावराचं लिव्हर टॉनिक आहे!"

"व्हय. मॅडम म्हनल्या ना, लिव्हर सांभाळा? आमच्या गाईचं लिव्हर ह्येनंच सुदारलं."

"अहो, पण हे गाईसाठी आहे."

"गाईला चालतं मग मला का न्हाय? गाय माझ्यापरीस म्हाग हाय!"

सिस्टरनं डबा बाजूला ठेवला. किती घेत होता, म्हणून विचारलं. लीलाबाईंनी सरळ सांगितलं, "तिच्या निम्मं. मी दूध देत न्हाय ना."

त्यांना त्या दिवशी सुई लागली नाही. आधी रक्त तपासायला पाठवलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "तुमचं बरं हाय. तुमी नुसतं लिहिता."

*

चार केमो वेळेवर झाल्या. चौथीनंतर तिसऱ्या दिवशी आक्का इंदापूरहून आली. एका प्रदर्शनातून हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणल्या होत्या. साठ कॅप्सूल, सीलबंद. अनुक्रमांक एकतीस.

आक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा माझी शाळेची चड्डी आक्कानं शिवलेली. तिला "निरंक" दाखवायची माझी छाती झाली नाही. मी बाटली कपाटात ठेवली आणि वही मिटली.

ती शोभाला म्हणाली, "रोज तिन्हीसांजेला एक. हळदच हाय, इख न्हाय. मी रोज सातला फोन करून इचारीन."

आणि तिनं केला. रोज, सातला. मी डायरीत लिहायचो: "७.००, आक्काचा फोन." फोन शोभा घ्यायची.

"दिलं का?"

"दिलं."

"बरं."

मला वाटायचं, माझी बायको काय सफाईनं वेळ मारून नेते!

*

पाचव्या केमोच्या ठरलेल्या दिवशी लिव्हरचा आकडा आला दोनशे बारा. आधी तो चाळिशीच्या आत असायचा. मॅडमनी केमो आठवडाभर पुढं ढकलली.

"काही घेताय का?"

"काही नाही," मी म्हणालो आणि वही पुढं केली. एकतीस नोंदी, एकतीस वेळा निरंक.

मॅडमनी चार पानं उलटली. "असं रजिस्टर मी कुणाचंच बघितलं नाही, अशोकराव." मला बरं वाटलं. मग त्यांनी वही परत दिली. "पण लिव्हर रजिस्टर वाचत नाही."

पुढच्या गुरुवारी आकडा दोनशे अडुसष्ट. पुन्हा केमो नाही. मॅडमनी या वेळी खुर्ची जवळ ओढली. म्हणाल्या, असंच वाढत राहिलं तर हे औषध बंद करून दुसरं द्यावं लागेल, आणि ते याच्याइतकं चांगलं नाही. मध्ये फार दिवस जाणंही बरं नाही.

घरी येताना शोभा एसटीत खिडकीबाहेर बघत होती. मी डायरीत लिहिलं: "शोभा गप्प."

*

फॅक्टरीत हिशेब लागत नसला की आम्ही एकच गोष्ट करतो. गोदाम उघडून माल हातानं मोजायचा. रविवारी सकाळी मी कपाट रिकामं केलं आणि सगळं सतरंजीवर मांडलं. गुळवेल वाळून काडी झालेली, पण भारा पूर्ण. जांभळा ज्यूस सीलबंद. गव्हांकुराची पावडर, पपईच्या पानांच्या गोळ्या, सगळं जिथल्या तिथं. तीसपर्यंत मेळ बसला.

एकतीसची बाटली हलवली तर आवाज पोकळ आला. सील फुटलेलं. मोजल्या. बत्तीस.

साठातून अठ्ठावीस कमी.

डायरी काढली. आक्काचे फोन मोजले. अठ्ठावीस. मग आणखी एक नोंद दिसली, पहिल्या फोनच्याच दिवशीची, सातच्या जरा आधीची: "हळदीचं दूध. रंग गडद." दुसऱ्या दिवशी: "दूध गडद." तिसऱ्या दिवशी: "गडद." अठ्ठावीस दिवस मी दुधाचा रंग लिहीत होतो. विचारलं एकदाही नव्हतं!

शोभा दारात उभी होती.

"मी रोज विहारात पंचशील घेते," ती म्हणाली. "खोटं बोलणार न्हाय, असं रोज तोंडानं म्हनते. आनि सातला आक्का इचारत्यात, दिलं का. न देता दिलं कसं म्हनू?"

"मग नाही म्हणायचं!"

"आक्कांना? तुमी का न्हाय म्हनला?"

या प्रश्नासाठी माझ्या वहीत रकाना नव्हता.

"मॅडमनी विचारलं तेव्हा तरी..."

"मॅडमनी तुमाला इचारलं. मला कुणी इचारलंच न्हाय. आनि मला वाटलं, हळदच हाय." मग ती सतरंजीवर बसली आणि त्या बत्तीस कॅप्सूल परत एकेक करून बाटलीत भरू लागली. "माझ्यामुळं झालं का हो?"

मी म्हणालो, "मॅडमना विचारू."

संध्याकाळी सातला फोन वाजला. मी शेजारीच बसलो होतो.

"दिलं का?"

"न्हाय दिलं, आक्का." आणि शोभानं सगळं सांगितलं. आकडे, मॅडम, दूध, सगळं.

आक्का म्हणाली, "गुरवारी मी येते." फोन बंद.

*

गुरुवारी पहिल्या गाडीनं आक्का इंदापूरहून बारामतीला आली. हातात कापडी पिशवी. दोन दिवसांपूर्वी शोभानं मॅडमना फोनवर सगळं सांगितलं होतं, त्यामुळे माझ्या पिशवीत ती एकच बाटली होती. सिस्टरनं ती बाजूला ठेवली आणि सवयीनं आक्काचीही पिशवी टेबलावर उपडी केली. चष्मा, रुमाल, राजगिऱ्याचे लाडू आणि तशीच एक बाटली. निम्मी रिकामी.

"ही पण यांचीच?"

"न्हाय. ती माझी."

"तुम्हाला काय झालंय, मावशी?"

"मला काय व्हायचंय!"

"मग गोळ्या कशाला?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. सिस्टरलाच सांगितलं, "ल्हानपणी ह्यो औषिद घ्यायचा न्हाय. मी आदी घ्यायची, मग ह्यो घ्यायचा. म्हून मी रोज सातला इचारत हुते. शोभा दिलं म्हनली की मी माझी घ्यायची."

सिस्टरनं आक्काची बाटली उचलून लेबल वाचलं.

सिस्टर म्हणाली, "मावशी, भाजीत हळद किती घालता?"

"चिमूटभर."

"वाटीभर घातली तर?"

"खाईल कोन?"

"तुम्ही दोघं खाताय, महिना झाला. ही भाजीतली हळद नाही, तिचा अर्क आहे. जेवण जातंय का तुम्हाला?"

"आठ दिस झालं, न्हाय जात. मला वाटलं, ह्येच्या काळजीनं."

सिस्टरनं तिची बाही वर केली आणि आक्काच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिचं रक्त काढलं. दुपारी दोन्ही रिपोर्ट एकाच पाकिटात आले. माझा आकडा एकशे सत्त्याण्णव. उतरायला लागला होता. आक्काचा दोनशे शहाण्णव.

मॅडमनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "यातला पेशंट कोण?"

आक्का म्हणाली, "त्योच. मी नुसती सोबतीला."

मॅडमनी दोघांच्याही गोळ्या बंद केल्या, केमो पुन्हा पुढं ढकलली आणि दोघांनाही तीन आठवड्यांनी बोलावलं. शोभाला सांगितलं, "आता विचारायचं मी तुम्हाला. यांना नाही."

*

गेले तीन आठवडे रोज सातला फोन येतोच. मी डायरीत वेळ लिहितो.

"न्हाय दिलं ना?"

"न्हाय, आक्का."

"बरं. मीबी न्हाय घेतली."

*

रिपोर्ट अकरा वाजून दहा मिनिटांनी आले. आक्का बावन्न. मी अडतीस. पाचवी केमो साडेअकराला सुरू झाली, दोन वाजता संपली.