फुकटची टोपली

फुकटच्या वस्तूला हात लावायचा नाही, ही माझी शिस्त आम्हाला फार महागात पडली.

टी. नगरच्या बाजारात साडी घेताना आमच्या ह्यांनी एक कूपन भरलं होतं. बक्षीस लागलं! सहा स्टीलचे चमचे. ते आणायला हे पेरांबूरच्या घरून दोन बस बदलून गेले आणि चमच्यांबरोबर एका रिसॉर्टची पंचवीस वर्षांची मेंबरशिप घेऊन आले. तीही घरासाठी साठवलेल्या पैशांतून!

"दरवर्षी आठवडाभर सुट्टी! मेंबरला नाश्ता फुकट, फळं फुकट!"

"त्याचे पैसे कोण देतं?"

"कंपनी."

"कंपनी तुमची आत्या लागते?"

ह्यांचा चेहरा पडला. "दहा दिवसांत नको म्हटलं तर पैसे परत मिळतात. पण आधी राहून तर बघू!"

आठव्या दिवशी आम्ही महाबलीपुरमच्या रस्त्यावरच्या त्या रिसॉर्टमध्ये पोचलो. मी मनाशी ठरवलं होतं, घडी न मोडलेली साडी दुकानदार परत घेतो, तशीच ही मेंबरशिप परत करायची. म्हणून साबण घरचा, टॉवेल घरचा. गादीवरची चादर विस्कटू नये म्हणून आम्ही खाली सतरंजीवर झोपलो. (समोर समुद्र होता म्हणतात. माझं लक्ष साबणावर होतं.)

पोचल्या दिवशीच रिबिनीची फळांची टोपली आली होती.

"अगं, एक केळं खातो."

"केळं सोललं की घडी मोडली!"

हे बिचारे दोन दिवस घरच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी खात टोपलीकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी द्राक्षांना वास यायला लागला. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे मला घाम फुटतो, तरी मी शेजारच्या खोलीतल्या कमलाला टोपली नेऊन दिली. (दुसऱ्याने खाल्लेलं आपल्या नावावर कसं चढेल?)

"अक्का, तुम्ही मेंबर ना? मग खात का नाही?"

"संशय येतो," मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये कुजबुजले. "तुम्ही नाही मेंबर?"

"नाही. दोन दिवस फुकट राहा, मग ठरवा म्हणाले. उद्या पैसे भरायचे."

"फुकट? मग तुमचे पैसे कोण देतं?"

"तेच तर कळत नाही!" ती हसत केळं सोलू लागली.

निघायच्या सकाळी काउंटरवर मी ह्यांना पुढे ढकललं आणि पाठीमागे उभी राहिले. हे बाजूला सरकले! शेवटी मीच बोलले, "साबण, चादर, फळं, काही वापरलं नाही. पैसे परत द्या."

मॅनेजरने कागद उलटले. "अम्मा, वापरण्याचा काही संबंध नाही. दहा दिवसांत लिहून द्यायचं होतं. मुदत काल संपली."

काल! काल आम्ही साबण राखत बसलो होतो!

"आणि त्या फुकटच्या फळांचे पैसे?"

"ते तुमच्या वार्षिक फीमधूनच जातात."

"आणि शेजारच्या पाहुण्यांचे?"

मॅनेजर एकदम कॉम्प्युटरमध्ये काहीतरी शोधायला लागला. मला उत्तर मिळालं.

इतक्यात कमला बॅगा घेऊन आली आणि तिने माझे दोन्ही हात धरले. "अक्का, तुमच्यामुळे वाचलो! मेंबर बाईच फळाला हात लावत नाही म्हटल्यावर आम्ही सरळ नको म्हणून सांगितलं!"

माझ्या संशयाने एक संसार वाचवला, हे खरं. फक्त तो शेजारच्या खोलीतला निघाला!