कोणाचा नाही, कितवा

१९५५ साल होतं, मी चोवीस वर्षांचा होतो आणि किसन माझ्याहून थोडा मोठा. गेल्या महिन्यात त्याची नात वर्ध्याहून निरोप घेऊन आली, म्हणाली, आबा गेले… शेवटपर्यंत घरातल्या खाटांनाही उगवतीकडून नंबर होते म्हणे त्याचे. मी दुसरीपर्यंत शिकलेला माणूस, लिहायची सवय नाही. पण किसनबद्दल दुसऱ्या कोणी लिहावं हे मला चालणार नाही.

तो आमच्या टोळीचा मुकादम. खडकात सुरुंग लावून आम्ही विहिरी खोदत असू. गाव कोणतंही असो, त्याचा कायदा एकच. उगवतीच्या कडेचा सुरुंग पहिला, मग देवळाला फेरी घालतो तसं दुसरा, तिसरा. वात पेटवण्याआधी सगळ्यांना काठावर बसवून तो हे नंबर म्हणून घ्यायचा. मी म्हणत नसे. आमच्याकडे ज्यानं भोक पाडलं त्याच्या नावाचा सुरुंग, बापाच्या वेळेपासून. घण मी मारायचा आणि नाव मात्र सूर्याचं, काऊन? या एका गोष्टीवरून दोन महिने आमचं धड बोलणं नव्हतं.

हिंगणीच्या विहिरीवर पाच वाती पेटवल्या आणि चारच बार झाले. बराच वेळ थांबलो. खोल विहीर, धूर हलेना. राहिलेल्या सुरुंगात पाणी ओतायला किसन बादली घेऊन स्वतः पाळण्यात बसला. दोर माझ्या आणि टोळीतल्या शेकूच्या हातात. दगड कुठून उडाले नाहीत ते आम्ही दोघांनीही पाहिलं होतं.

तळाजवळ पाळणा थांबला. "कोणता राह्यला?" खालून आवाज आला.

"माहा!" मी ओरडलो.

"नाई भाऊ, माहा राह्यला!" शेकू म्हणाला.

खोटं कोणीच बोलत नव्हतं. ते भोक मी सुरू केलं होतं, मी जेवायला गेलो तेव्हा शेकूनं पुरं केलं होतं. पण त्याचं एक आणि माझं एक भोक आणखी होतं, समोरासमोरच्या कडांना.

"अरे, पाय कुठं ठेवू मी? कोणाचा ते नको, कितवा ते सांगा!"

शेकू माझ्याकडे पाहू लागला. दोर तळव्यात काचत होता. खाली किसन खोकत होता, आणि पाळणा हळूहळू गिरक्या घेत होता… मी उगवतीच्या कडेपासून मनात मोजलं. एवढे दिवस न बोललेला शब्द होता तो.

"तिसरा!" मी म्हणालो.

"हो, तिसराच," शेकू म्हणाला.

मग पाणी ओतल्याचा आवाज आला. आम्ही त्याला वर ओढला. तोंड काळं, डोळे लाल, आणि हा हसतोय!

"नवी नवरी नवऱ्याचं नाव घ्यायले लाजते, तसा लाजत होता बे तू!"

सगळी टोळी हसली. मी हसलो नाही. त्या सुरुंगाला असलेलं माझं नावही खोटं नव्हतं, हे मी आजही कोणालाही सांगेन. त्या दिवशी मी त्याच्या पंगतीला बसलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आधी, मी चुना कालवला आणि विहिरीच्या उगवतीच्या काठावर हातभर लांब पांढरी रेघ ओढली.