गिरजावहिनीचं विरजण

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळत आलो. आता थोरल्या भावाची बायको, आमची गिरजावहिनी गेली. अकोल्याला निरोप आला तेव्हा रडूही आलं नाही... थकवा तेवढा आला. तेराव्याला अमरावतीच्या घरी जमलेल्यांनी पुन्हा तेच काढलं, की गिरजाबाईनं साहेबाच्या बबर्चीकडून आंबवण आणून घर बाटवलं. ते खरं नाही. ते मी आणलं होतं.

परमुलखातल्या लढाईमुळे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या वर्षांतली गोष्ट. मी इटलीच्या एका कापूसवाल्या साहेबाकडे कारकून होतो. साहेबाकडे बबर्ची होता, तरी आपली भाकरी तो स्वतः करी. जाड करपट पापुद्र्याची, आत जाळीदार, चवीला आंबूस. मी एकदा चोरून तुकडा खाल्ला आणि घरी येऊन वहिनीजवळ त्याचंच कौतुक करत बसलो.

"वास कसा हाय, भाऊजी?"

"आंबिलीसारखा."

"मंग सायबाले आंबीलच पाहिजे. करून घालाले बाई नाही, म्हणून भाकर फुगवते बिचारा!"

दुसऱ्या दिवशी साहेबाच्या आंबवलेल्या पिठाचा गोळा मी पळसाच्या पानात बांधून आणला. वहिनी त्याला विरजणासारखी जपू लागली. रोज थोडं पीठ, थोडं पाणी. शिवारभर कापूस पेरलेला, गहू महाग, म्हणून ती गव्हात ज्वारी आणि हरभऱ्याचं पीठ मिसळी. पहिली भाकरी दगड झाली. "कुत्र्यालेही दात पायजेत," म्हणत ती स्वतःच हसली. मग ज्वारी कमी केली, गोळा जास्त वेळ मुरू दिला, आणि झाकल्या मडक्यात घालून रोडग्यांसारखा गोवऱ्यांच्या आरात पुरला. तो फुगला, वरून तडकला. आम्ही दोघांनी तो वरणात कुस्करून खाल्ला. घरात विचारलं तर सांगायचं, रोडगा आहे.

एक दिवस शेजारीण विरजण मागायला आली. वहिनीचा हात कामात, म्हणाली, घे तुझ्या हातानं. शेजारणीनं नेमकं त्या आंबवणाचं मडकं उघडलं. सकाळी तिच्या दुधाचं भलतंच काही झालेलं.

"हे कोनचं विरजण वं, गिरजे?"

वहिनीला खोटं बोलता येत नसे. "सायबाकडचं हाय," ती म्हणाली.

दुपारपर्यंत जातीची वडीलमंडळी ओट्यावर आली. साहेबाच्या घरचं या घरात कोणी आणलं? माझं लग्न ठरत होतं. मी जमिनीकडे पाहत राहिलो. वहिनी दाराआड उभी होती. माझ्याकडून काही येत नाही असं पाहून ती म्हणाली, "म्याच मागवलं. बबर्चीकडून." खोटं न येणारी ती बाई तेव्हा माझ्यासाठी खोटं बोलली.

ठरलं ते असं, की तिच्या हातचं कोणी खायचं नाही. चूल आईकडे गेली, आईमागे माझ्या बायकोकडे, आणि आम्ही अकोल्याला गेल्यावर वहिनीच्या सुनेकडे. वहिनीच्या लेकरांनाही दुसऱ्याच कोणी वाढायचं. साहेब गेला, कापसाचा भाव बसला, ठरवणारे मेले... तरी ते ठरलेलं तसंच राहिलं. मी एक वाक्य बोललो असतो तर मोडलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात तिला भेटायला गेलो. मनाशी पक्कं करून गेलो होतो. माफी मागणं जमणार नाही हे ठाऊक होतं; एवढंच म्हणायचं होतं, की वहिनी, भूक लागली, तुमच्या हातची भाकर टाका. त्यात सगळं आलं असतं. ती खाटेवर उठून बसली. आल्यागेल्याला 'जेवता का' म्हणायची तिला कधी सोयच नव्हती, म्हणून तिनं नेहमीसारखं विचारलं,

"जेवून आले ना, भाऊजी?"

सकाळपासून मी उपाशी होतो.

"हो," मी म्हणालो, "जेवूनच आलो."