इंजिनाला दिलेलं तीर्थ

आजकाल मळ्यात बटण दाबलं की पाणी येतं, आणि दोन मिनिटं वीज गेली की नातवंडं सरकारच्या नावानं ओरडतात. मला हसू येतं. आमच्या बार्शीटाकळीच्या मळ्यात पाणी हवं तर आधी इंजिनाची मनधरणी करावी लागे. वऱ्हाडावर तेव्हा नागपूरचा हुकूम चाले, तेल परवान्यावर मिळे, आणि मी अमरावतीहून नुकती आलेली नवी सून होते.

इंजिन जुनंच होतं, अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमधून काढून टाकलेलं. एका सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, दोन बाजूंना दोन मोठी चाकं. यजमानांनी ते हट्टानं आणलं आणि त्यापायी मोटेची बैलजोडी विकली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्या जोडीवर जीव टाकायचे. बैल गेले त्या दिवशी ते जेवले नाहीत. पुढं चार महिने इंजिनाला त्यांनी बोट लावलं नाही. धुराचा वास आला की उपरणं नाकाला लावून दुसऱ्या बांधानं जात. बापलेकांचं बोलणं कामापुरतं उरलं होतं.

म्हणून खंडेनवमीला ते आपणहून इंजिनापाशी आले तेव्हा मला फार बरं वाटलं. विळे, कुदळी, नांगर पुजून झाले होते. मामाजींनी इंजिन स्वतः धुतलं, चाकांना हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. मी आरतीचं ताट घेऊन मागं उभी होते. मग त्यांनी तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, आणि गडव्यात उरलेलं तीर्थ, अर्धा गडवा तरी असेल, डोळे मिटून आत ओतलं. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. देवाला देतात ते त्याला दिलं, एवढंच.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी इंजिन थोडं चाललं, खोकलं, पांढरा धूर ओकून बंद पडलं. यजमानांनी तेल फवारणारी तोटी काढून घासूनपुसून बसवली, हँडल मारून मारून तळहाताला फोड आणले. तरी तेच. दोन ठोके, धूर आणि गप्प. असे तीन दिवस गेले. आश्विनातलं ऊन काय असतं ते वऱ्हाडात राहिल्याशिवाय कळायचं नाही. दिवाळीसाठी लावलेली शेवंती कळ्यांवर आली होती आणि दुपारी माना टाकत होती. ती गेली असती तर यजमानांना घरात तोंड दाखवायला जागा उरली नसती, कारण बैल कोणी विकले ते सगळ्यांना ठाऊक होतं. चौथ्या दिवशी "तेलाचा पंपच गेला" म्हणत ते मिस्त्री आणायला सकाळच्या मोटारीनं अकोल्याला गेले.

मी घरात कंदिलाची काच पुसत होते. माहेरी एकदा पावसात कंदिलात पाणी गेलं होतं, तेव्हा तो असाच तडतडून विझायचा. हातातली काच तशीच धरून मी उभी राहिले. सगळं कळलं, आणि कळल्याचं वाईट वाटलं. यजमानांना सांगावं तर ते मिस्त्रीदेखत बापाला बोलणार, आणि म्हातारा पुन्हा इंजिनाकडे फिरकणार नाही. न सांगावं तर शेवंती जाते.

मी तडक मळ्यात गेले. मामाजी इंजिनापाशीच होते. सासऱ्यांशी तोवर मी तोंड वर करून बोलले नव्हते. पदर ओढला आणि विहिरीकडे पाहत म्हणाले, "मामाजी, आमच्या घरी कंदिलात पाणी गेलं होतं, तं तो असाच तडतडे. पाणी तळाशी बसते. खालून काढलं का मंग बरा जळे."

मामाजींनी वाकून टाकीच्या तळाशी पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तेल सांडंल ना?"

"खाली गडवा धरीन मी."

त्यांनी टाकीखालचा बोल्ट सैल केला. आधी आलं ते हळदीनं पिवळसर झालेलं पाणीच. तेल दिसताच त्यांनी बोल्ट आवळला. नळीतलं पाणी आणि हवा जावी म्हणून पंपापाशी नट ढिला करायचा, बुडबुडे थांबले की कसायचा, हे मी यजमानांचं पाहून शिकले होते. तेही केलं. मग मामाजींनी आयुष्यात पहिल्यांदा हँडल धरलं. चाकांनी वेग घेतला की वरचा खटका पाडायचा असतो, तो मी पाडला. एकदा फुकट गेलं. दुसऱ्यांदा काळा धूर आला आणि ठोके सुरू झाले. पाटात पाणी पाहून मी सरळ रडले.

यजमान मिस्त्रीला घेऊन आले तेव्हा शेवंतीचे अर्धे वाफे भिजले होते. मिस्त्रीनं गडव्यात डोकावून विचारलं, "टाकीत पानी आलं कुठून?"

मी घाईनं म्हणाले, "माह्याच हातानं झाकण उघडं राह्यलं होतं."

यजमान माझ्यावर ओरडणार तोच मामाजी मध्ये आले. "तिले काही बोलू नोको. माह्यासाठी खोटं बोलून राह्यली ते. पाणी म्या टाकलं, तीर्थ म्हणून." त्यांनी इंजिनाकडे बोट केलं. "बैलाले घास द्याचो, तसं त्याले देल्लं. मले नव्हतं मालूम."

मिस्त्री हसला नाही, हे त्याचे उपकार. यजमान बापाजवळ गेले. "असू द्या, बाबा," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं, आणि डोळे भरून आले.

मामाजी माझ्याकडे वळले. "उद्यापासून हँडल मी मारतो. खटका तू पाडत जाय."

मामाजी वारले त्या वर्षापर्यंत आमच्या मळ्यातलं इंजिन आम्ही दोघांनीच सुरू केलं.