खारीचा कोपरा

जिवंत प्राणी दिसला की तो कुठल्या वर्गातला आणि किती शिल्लक, हे सांगितल्याशिवाय घास न उतरणारा माणूस अख्ख्या यावलमध्ये एकच होता, आमच्या शेजारचे नाना. जंगलखात्यात गार्ड होते. रिटायर झाले, पण खातं अंगातून गेलं नाही. लग्नाच्या पंगतीत माझ्या नणंदेकडे बघून म्हणाले, "सस्तन. दुर्मिळ मुळीच नाही." नणंद पुढं कित्येक दिवाळ्या त्यांच्याशी बोलली नाही.

मी चौथी शिकलेली. घरात घरटं दिसलं की झाडू घ्यायचा, एवढंच मला ठाऊक. एका वर्षी पावसाआधी धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, नवी माती टाकायला मजूर आले, तर नाना शिडीला आडवे. माझ्या कोठीच्या कोपऱ्यात, तुळईच्या सांदीत खारीची पिलं होती आणि ओसरीच्या दिव्यावर बुलबुलाची. ओसरीला पत्रे, तिथं माती लागत नाही, म्हणून बुलबुल सुटला. काम अडलं ते खारीपाशी. नाना मूळचे धुळ्याकडचे, तापले की तिकडचंच बोलायचे.

"अक्का, बुलबुल पक्षी शे. अंडं घालस, गाणं म्हणस. खार सस्तन शे, पोरेस्ले दूध पाजस. आपला घरनी शे ती."

"आणि शिल्लक किती?"

"दोन्ही मुबलक. काळजी नही."

"मग काढू द्या की!"

"गावमा माणसं बी मुबलक शेतस. त्यास्ले काढी टाकूत का?"

मजूर हसले आणि तेवढा कोपरा सोडून बाकी धाबं करून गेले. त्या कोपऱ्याखाली माझी वर्षाची दादर ज्वारी होती. भिजली असती तर भाकरी कशाची केली असती? नानांनी वर ताडपत्री घातली, दगड ठेवले, आणि ढग आला की छत्री घेऊन या वयात शिडी चढायचे. मी खालून शिव्या द्यायची. दादर भिजली नाही, हे खरं.

पंधरा ऑगस्टला झेंड्यासाठी त्यांनी आपल्या घरातली फळीवरची खाकी टोपी काढली. आत माझ्या गोधडीचा कापूस, खारीचे केस, कुरतडलेली दादर. मजुरांनी धाब्यावर धपधप केली त्याच दिवशी खारीनं पिलं तोंडात धरून शेजारी नेली असणार. नाना पावसाळाभर रिकामा कोपरा राखत होते.

"नाना, आपल्या घरची म्हणालात ना? गेली तुमच्याच घरी."

ते लाजले. मग इतके खूश झाले की टोपी तशीच फळीवर ठेवून उघड्या डोक्यानं झेंड्याला सलाम ठोकून आले.

आता ते धुळ्याला लेकीकडे असतात, स्लॅबच्या घरात. तिथं खार कुठून येणार? मी अजून दरवर्षी माती टाकून घेते. तो कोपरा सगळ्यात शेवटी करायला लावते. मजूर विचारतात, का. मी म्हणते, आधी वाकून बघा, मग टाका.