आत ओढलेलं पोट

आमच्या गल्लीतल्या सदूभाऊ शिंप्यांची एक युक्ती आहे. पँटचं माप देताना जो तो श्वास रोखून पोट आत ओढतो. सदूभाऊ कमरेभोवती टेप धरतात, पण आकडा वाचत नाहीत. "मुलगी कितवीत गेली?" असं काहीतरी विचारतात. उत्तर द्यायला श्वास सोडावाच लागतो, पोट आपल्या जागी येतं आणि मग ते माप लिहून घेतात.

परवा बाकावर बसून मी हे बघत होतो. वाटलं, शिंप्याला फसवून आपण काय मिळवतो? तंग पँट शेवटी आपल्यालाच घालायची असते!

आदल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला समजावलं होतं, की पोटातली चरबी नुसती पडून नसते. आतड्यांभोवती बसून ती रक्तात काय काय सोडत राहते. त्याने रक्तवाहिन्या आवळतात, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. इतकी वर्षं मी तिला आळशी पाहुणी समजत होतो. ती तर आत बसून सगळा कारभार बघत होती!

माझी पाळी आली. युक्ती ठाऊक असूनही पोट आपोआप आत गेलं.

"डॉक्टरकडे गेला होतात म्हणे. प्रेशर किती निघालं?" सदूभाऊंनी विचारलं.

घरी मी "ठीक आहे" एवढंच सांगितलं होतं.

"एकशे साठ," मी म्हणालो.

"बेचाळीस," सदूभाऊ म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं.