रात्री काढून पाण्यात ठेवावी

दातांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत, चाव्या करणारा आणि चष्मे दुरुस्त करणारा यांच्या मधोमध, आठ फूट बाय दहा फुटांची एक खोली आहे. तिथे बसणाऱ्या माणसाला सगळे बत्तिशीकाका म्हणतात. काकांना हे नाव आवडत नाही असं नाही, पण ते चुकीचं आहे हे ते प्रत्येकाला सांगतात. पूर्ण कवळीत दात अठ्ठावीसच असतात. अक्कलदाढा कोणी लावून घेत नाही, कारण अक्कल बाहेरून बसवून मिळत नाही. हा विनोद काकांनी तीस वर्षांत तीन हजार वेळा तरी केला असेल आणि दर वेळी आधी स्वतःच हसले असतील.

त्यांचं काम असं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात. त्यावरून काका प्लास्टरचा साचा ओततात, साच्यावर मेणाच्या हिरड्या चढवतात आणि मेणात एकेक दात उभा करतात. मग मेण काढून त्या जागी गुलाबी प्लास्टिक भरायचं, शिजवायचं, घासायचं, चमकवायचं. दात मात्र ते कधीच सरळ रांगेत लावत नाहीत. एखादा सुळा किंचित तिरपा, एखादा पुढचा दात तिळभर मागे. सरळ रांग शाळेच्या कवायतीत असते, माणसाच्या तोंडात नसते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे काकांची कवळी घातलेला माणूस हसला की समोरच्याला शंकाही येत नाही.

तयार कवळी एका पांढऱ्या डबीत जाते आणि डबीत जाते काकांच्या अक्षरातली एक चिठ्ठी. ‘कवळी रोज मऊ ब्रशनं, साबणानं घासावी. गरम पाण्यात घालू नये. रात्री काढून पाण्यात ठेवावी.’ तिसऱ्या वाक्याखाली दोन रेघा. एखाद्या आजीनं कुरकुर केली की काका तिला समोर बसवून विचारायचे, झोपताना चपला काढता ना, मग हिरड्यांनी काय घोडं मारलंय? आजी डबी पिशवीत टाकायची आणि काका खुशीत यायचे.

आता दिव्याखालचा अंधार बघा. स्वतः काका गेली अठ्ठावीस वर्षं कवळी घालून झोपत होते.

तिशीतच हिरड्यांच्या दुखण्यानं काकांचे सगळे दात गेले. तेव्हा ते हे काम शिकत होते. शेवटचा दात काढला त्या दिवशी त्यांनी आरशात पाहिलं, तर आरशातून त्यांची आई बघत होती, तीही नव्वद वर्षांची. काकांनी आरसा पालथा घातला आणि पंधरा दिवस खपून स्वतःची कवळी केली. पुढे लग्न ठरलं तेव्हा मुलीला फसवायचं नाही म्हणून त्यांनी घाम पुसत पुसत सांगितलं, की हे दात माझे नाहीत. मुलीनं विचारलं, मग कोणाचे? काका म्हणाले, मीच केलेत. “मग तुमचेच झाले की,” ती म्हणाली आणि काकांची काकू झाली.

म्हणजे काकूला माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं. तिनं आपल्याला बोळक्या तोंडानं कधी म्हणजे कधी बघू नये, असं काकांनी लग्नाच्या पहिल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. सकाळी न्हाणीघराची कडी लावून तीन मिनिटांत कवळी धुवायची आणि पुन्हा चढवायची. पाहुणे असोत, प्रवास असो, ताप असो, नियम मोडला नाही. एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यात केला, पण तो अगदी मन लावून केला.

तर त्या वर्षी काकांच्या टाळूला आग व्हायला लागली. चहाचा घोट घेतला की डोळ्यांत पाणी. ओठांचे कोपरे फाटले. जेवण मिळमिळीत लागायला लागलं आणि काकूला वाटलं आपलाच हात बिघडला. दुसरा कोणी असता तर डॉक्टरकडे गेला असता. पण काका कारागीर. बोट कापलं तरी आधी सुरीची धार बघणारी ही जात. त्यांनी ठरवलं, कवळी कुठेतरी टोचते आहे.

मग त्यांनी वरची कवळी काढून आतून घासली, अर्ध्या केसाइतकी. आग थांबली नाही. पुन्हा घासली. आतून मऊ थर दिला, तो खरवडून काढला, दुसरा दिला. महिनाभर रोज दुपारी शटर अर्धं ओढून हाच उद्योग. शेवटी नवी कवळी केली, तर ती दुसऱ्या दिवसापासून तशीच झोंबायला लागली. काकांनी ती फेकून दिली आणि पुन्हा जुनीच घातली. आता मात्र ते मनातून खचले. ज्याला स्वतःच्या तोंडाचं माप साधत नाही त्यानं लोकांच्या तोंडात काय म्हणून हात घालायचा?

एके दिवशी पुढच्या दवाखान्यात कवळी पोचवायला गेले असताना डॉक्टरबाईंनी चहा पुढे केला. काकांनी घोट घेतला आणि चेहरा असा काही केला की बाईंनी कप काढून घेतला आणि त्यांना सरळ खुर्चीत आडवं केलं. तीस वर्षं या खुर्चीसाठी काम करून काका तिच्यात पहिल्यांदाच झोपले होते. वरचा दिवा किती डोळ्यांवर येतो हे त्यांना तेव्हा कळलं.

बाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या, पण बोलायला खमक्या. त्यांनी कवळी काढायला लावली, दार बंद आहे ना हे काकांनी दोनदा विचारल्यावर. टाळूवर लालभडक डाग होता, थेट कवळीच्या आकाराचा, जणू छापून काढलेला. बाई म्हणाल्या की हे टोचणं नाही, बुरशी आहे. यीस्ट. थोडी सगळ्यांच्याच तोंडात असते आणि गुपचूप राहते. पण अंधार, ऊब आणि ओल मिळाली, वर लाळेनं धुऊन निघणं बंद झालं, की ती पसरते. कवळीखाली तिला हे सगळं आयतं मिळतं. ओठांच्या चिराही तिच्याच.

“कवळी बसते एक नंबर,” बाई म्हणाल्या. “पण आतून एवढी खरखरीत का? घासलीत? काका, तुम्ही बुरशीला खोल्या बांधून दिल्यात.”

काकांना एकाच वेळी हायसं वाटलं आणि लाज वाटली. हात शाबूत होता, गाढवपणा डोक्याचा होता. बाईंनी बुरशीवरची जेल लिहून दिली. जेवणानंतर आणि झोपताना, दिवसातून चार वेळा टाळूला लावायची, बरं वाटलं तरी मधेच सोडायची नाही. कवळी आतून पुन्हा गुळगुळीत करायची, प्रत्येक जेवणानंतर धुवायची, टाळूही मऊ ब्रशनं घासायची. रक्तातली साखर तपासायची, कारण ती वाढलेली असली की बुरशीचं फावतं. दम्याचा पंप घेता का, म्हणून विचारलं, घेत असाल तर नंतर चूळ भरायला हवी. काका पंप घेत नव्हते. मग बाईंनी टेबलाच्या खणातून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, बाकीचं यात आहे.

ती काकांचीच चिठ्ठी होती. तिसऱ्या वाक्याखाली दोन रेघा.

“हे न करता औषध घेतलंत तर ते फुकट जाईल, त्यापेक्षा पैसे मला द्या, मी चपला घेते,” बाई म्हणाल्या.

साखर ठीक निघाली. जेल आली. कवळी गुळगुळीत झाली. राहिली ती रात्र. काकांनी दोन दिवस विचार केला आणि त्यांच्या सुपीक डोक्यातून युक्ती निघाली. रात्री आठ तास काय आणि दिवसा आठ तास काय, तास तेवढेच. दुकानात तोंडाला मास्क असतोच, घासताना धूळ उडते म्हणून. तेव्हा सकाळी दहाला दुकान उघडायचं, कवळी डबीत टाकायची, मास्क चढवायचा आणि सहाला कवळी पुन्हा चढवून घरी जायचं. फळीवर दुरुस्तीला आलेल्या डब्यांची रांग होतीच. तिच्यात त्यांनी आपलीही डबी ठेवली आणि ओळखू येऊ नये म्हणून तिच्यावरही ‘दुरुस्ती’ अशी चिठ्ठी डकवली.

अडचण एकच होती. दातांशिवाय बोलायचं कसं? स म्हटला की शिट्टी वाजायची आणि त-द तर बाहेरच पडायचे नाहीत. म्हणून काका मूग गिळून बसले. गिऱ्हाईक आलं की मान हलवायची, बोटं दाखवायची, फारच झालं तर पाटीवर लिहायचं. पहिल्या दिवशी लोकांना वाटलं घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी चाव्यावाला म्हणाला, बत्तिशीनं मौन धरलंय. तिसऱ्या दिवशी गल्लीत बातमी होती की काकांना झटका येऊन गेला, पण माणूस खमका, दुकान बंद ठेवलं नाही. ज्याचा अक्कलदाढेचा विनोद चुकवायला लोक आधी रस्ता बदलत, त्याला बघायला लोक मुद्दाम येऊ लागले.

जेवणाचा डबा मात्र तसाच राहायचा. कवळी घालायला जावं तर तेवढ्यात कोणीतरी यायचं, न घालता जेवावं तर मास्क काढावा लागायचा. दोन दिवस काकांनी डबा मांजरीला घातला. मांजरीला भोपळा आवडत नाही, त्यामुळे तेही पूर्ण साधलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी काकू दुकानात आली. झटक्याची बातमी भाजीवालीकडून तिच्यापर्यंत पोचली होती. अर्ध्या शटरखालून वाकून ती आत शिरली, शटर पूर्ण खाली ओढलं आणि स्टुलावर बसली. काकांनी मान हलवली. तिनं विचारलं, बोलत का नाही? काकांनी घशाकडे बोट दाखवलं. तिनं विचारलं, घसा सकाळी घरी चांगला होता, गल्लीत शिरला की बसतो का? काकांनी पाटी शोधायला सुरुवात केली.

काकू उठली. फळीवर सात डब्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांवर ‘दुरुस्ती’. तिनं एक उघडली, आत बोट घालून कवळीच्या मागच्या कडेवरून फिरवलं आणि बंद केली. दुसरी उघडली, बंद केली. तिसऱ्या डबीत तिचं बोट थांबलं. तिनं कवळी पाण्यातून बाहेर काढली आणि म्हणाली, “ही तुमची.”

काका सगळं विसरले. “कशावरून?” त्यांनी विचारलं, आणि तो आवाज ऐकून स्वतःच दचकले.

“खाच आहे मागे. तीन वर्षांपूर्वी बेसिनमध्ये पडली होती ना, तेव्हाची. त्याआधी नव्हती.”

“तुला कसं माहीत?”

काकूनं कवळी तळहातावर धरली. मग सांगितलं. काका झोपले की त्यांचं तोंड उघडं पडतं. तोंड उघडं पडलं की वरची कवळी खाली येते. पहिल्या वेळी ती घाबरली होती, आता घशात जाईल म्हणून. मग तिनं बोटानं हळूच वर ढकलली आणि ती बसली. तेव्हापासून पहाटे जाग आली की ती आधी बघते आणि पडली असेल तर बसवते. त्यांना वाईट वाटू नये म्हणून कधी बोलली नाही. कवळ्या बदलल्या, बोट तेच.

“अठ्ठावीस वर्षं?” काकांनी विचारलं.

“दोन वर्षं सोडा. मधे एक केली होतीत ती पडत नव्हती.”

आता इथे कोणाच्याही डोळ्यांत पाणी आलं असतं. काकांच्याही आलं, पण नंतर. आधी त्यांच्यातला कारागीर उसळून उठला. पडते म्हणजे? किती पडते? मागून सुटते की पुढून? आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्यांची कवळी पडते अशी तक्रार केली नव्हती. गिऱ्हाइकं रात्री ती काढून ठेवतात हे लक्षात यायला त्यांना जरा वेळ लागला. तेव्हा कुठे त्यांचे डोळे भरून आले. ज्या गोष्टीपासून तिला वाचवत होतो, तीच गोष्ट काकू रोज बघत होती आणि आपल्यापासून लपवत होती.

काकूनं हात पुढे करून त्यांचा मास्क कानांवरून सोडवला. काकांनी अडवलं नाही, फक्त डोळे मिटले. मास्क उतरला आणि तोंडावर हवा लागली.

“सासूबाईंसारखे दिसता,” काकू म्हणाली. “मला त्या फार आवडायच्या.”

काका हसले. हसतील त्याचे दात दिसतील म्हणतात, पण यांचे दात तिच्या हातात होते. मग काकूनं डबा उघडून भोपळा चमच्यानं चेचला आणि काका शटरमागे, दातांशिवाय, चार दिवसांनी दुपारचं पोटभर जेवले.

त्या रात्रीपासून डबी पलंगाजवळच्या टेबलावर आली, काकूच्या चष्म्याशेजारी. दोन आठवड्यांनी टाळू स्वच्छ झाली, ओठ भरून आले, चहा पुन्हा चहासारखा लागला. डॉक्टरबाईंनी दिवा टाकून बघितलं आणि शाबासकी दिली. मौन सुटलं आणि गल्लीला पुन्हा अक्कलदाढेचा विनोद ऐकावा लागला.

फक्त काकूला अजून पहाटे जाग येते. बोट आपोआप पुढे जातं, मग तिला आठवतं आणि ती पुन्हा झोपते.

काकांच्या डबीतली चिठ्ठी अजून तीच आहे. दोन रेघांच्या खाली त्यांनी एक ओळ तेवढी वाढवली आहे. ‘लाजू नये. घरच्यांना माहीत असतं.’